स्क्रीनवरची वाकडी रेघ

परळ,
९ डिसेंबर २००१

प्रिय नलू,

तुझं पत्र सोमवारी आलं. ह्यांनी मला ते वाचून दाखवलं. तू म्हणशील, ताई कॉम्प्युटरवाली बाई झाली, आता तिला पत्रं वाचायलाही माणूस लागतो! थांब, चिडवायची घाई करू नकोस. चिपळूणचं घर उभं राहिलं, ओट्याला काळा दगड बसला, हे ऐकून फार बरं वाटलं. स्वयंपाकघरातल्या फरश्या वाकड्या बसवल्या म्हणून तू गवंड्याशी कडाकडा भांडलीस आणि गंगाधरराव तुझी सोडून त्या गवंड्याची बाजू घेतात म्हणून त्यांच्याशी अबोला धरलास, तेही ऐकलं. फरश्यांबद्दल शेवटी लिहिते. आधी माझ्या कॉम्प्युटरची कहाणी ऐक. फोनच केला असता, पण फोनवर तू मला एक वाक्य धड पुरं करू देत नाहीस, आणि हे एका दमात सांगितलं नाही तर पुन्हा सांगायला मला धीर व्हायचा नाही. अक्षर वर-खाली गेलं असेल. सांभाळून घे.

कॉम्प्युटर दसऱ्याला आणला, हे तुला माहीत आहे. ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेतली तेव्हाच माझं ठरलं होतं की घरी बसून नुसत्या शेंगा सोलायच्या नाहीत. सगळं आयुष्य टाइपरायटरवर गेलं, बोटं अजून चालतात. गिरगावातले छापखानेवाले शरच्चंद्र लग्नपत्रिकांचा मजकूर टाइप करायला देतो म्हणाले. म्हणून दादरच्या एका दुकानातून हे यंत्र आलं. आमच्या बाहेरच्या खोलीत, कपाटाशेजारच्या टेबलावर त्याची स्थापना झाली. हो, स्थापनाच म्हणायची, कारण ह्यांनी गिरणीतल्या मशीनला घालायचे तसा त्याला झेंडूचा हार घातला, हळदकुंकू वाहिलं आणि नारळ फोडायला निघाले. मी हातातून नारळ काढून घेतला म्हणून बरं, नाहीतर पहिल्याच दिवशी त्याच्या पोटात पाणी गेलं असतं.

पहिला बिघाड लगेच निघाला. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात जांभळा-हिरवा डाग पडला, पेट्रोल सांडल्यावर रस्त्यावर दिसतो तसा. तो आधी ह्यांनी पाहिला. तुझ्या भावोजींना तू ओळखतेस. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात कापड बाहेर जाण्याआधी ज्यांच्या नजरेखालून सरकायचं, त्यातले हे. कुठे धागा तुटलेला, कुठे तेलाचा ठिपका, कुठे वीण सैल, सगळं चालत्या ठाणावर दिसायचं त्यांना. दोष सापडला की त्या जागी कापडाच्या काठाला लाल दोरा बांधायचा, ही तिथली रीत. गिरणी गेली, रीत गेली नाही. ह्यांनी मॉनिटरच्या चौकटीला डाग होता त्या जागी लाल दोऱ्याचा तुकडा चिकटवला आणि दुकानात फोन लावला. तिथून उत्तम नावाचा मेकॅनिक आला. वरळी कोळीवाड्यातला, लग्नाला आलेल्या मुलीचा बाप आहे, मोठा बोलका. त्यानं लाल दोरा पाहिला आणि म्हणाला, "काका, पेशंटला टिकली लावून ठेवलीत काय?" मग शेजारचा आमचा जुना रेडिओ उचलून दूर ठेवला, त्याच्या स्पीकरमधलं लोहचुंबक रंग ओढतं म्हणे, आणि मॉनिटरचं कसलंसं बटण दाबलं. धप्प असा आवाज झाला, चित्र थरथरलं आणि डाग गेला. ह्यांनी दोरा काढला. "माल पास," म्हणाले. मी निर्धास्त झाले.

म्हणून दुसरा बिघाड दिसला तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले नाही. पत्रिकेला चौकट घालत होते. चौकटीची उभी रेघ वरून सरळ यायची, मधे येऊन पोट काढायची आणि खाली पुन्हा सरळ जायची. त्या पोटाच्या जागी येणारं अक्षरही फुगायचं, पुसट व्हायचं. मी स्क्रीन पुसला. खुर्ची हलवली. रेडिओ तर आता आतल्या खोलीत गेला होता. मी ह्यांना हाक मारली. ते आले, चष्मा चढवला, वरपासून खालपर्यंत नजर फिरवली आणि म्हणाले, "कुठे?" मी बोट ठेवून दाखवलं. पुन्हा पाहिलं. "मला नाही दिसत." मला हसूच आलं, नलू. म्हटलं, सगळ्या गिरणगावात तुमच्या नजरेचा डंका, आणि एवढी ढळढळीत वाकडी रेघ दिसत नाही? आता तुम्हीच जाऊन नंबर काढून या. ते चष्मा पुसत उभे राहिले. लाल दोरा मात्र त्यांनी लावला नाही, आणि ते मला का कोण जाणे खटकलं.

उत्तम पुन्हा आला. वायर बदलली. आत जाऊन कसले आकडे बदलले, अक्षरं लहानमोठी करून पाहिली. मी आपली दर वेळी सांगत होते, "अजून तशीच आहे." तो म्हणायचा, "काकू, मला तर टकाटक सरळ दिसते. पण तुम्ही बोलताय तर असेल काहीतरी." मधल्या काळात काम तर थांबवता येईना. मग मी काय करायचे, मधलं अक्षर फुगलेलं दिसलं की ते जरा खाली ओढायचे, मजकूर माझ्या डोळ्यांना नीट दिसेल असा बसवायचे. शरच्चंद्रांचा फोन आला. "कालिंदीबाई, नवरीचं नाव जागेवर आहे आणि नवऱ्याचं घसरलंय. लग्नाआधीच?" ते हसत होते. मी दुकानदाराच्या नावानं बोटं मोडली. पण फोन ठेवल्यावर त्या पत्रिकेची माझ्याकडची प्रत बाहेर काढली. कागद समोर धरला तर त्याही कागदावर मला वराचं नाव जागेवरच दिसत होतं.

त्या दिवसापासून भीती घरात राहायला आली. दुसरा शब्द मला सुचत नाही. मी स्वतःला सांगायचे की यंत्र नवं आहे, नव्या यंत्रात खोड असतेच. मग खिडकीकडे बघायचं टाळायचे, कारण खिडकीला गज आहेत. जिन्याचा कठडा, शेजारच्या कपाटाची कड, कॅलेंडरवरच्या चौकटी, ह्या सगळ्यांकडे मी बघेनाशी झाले. जिथे सरळ रेघ असेल तिथून नजर काढून घ्यायची. घरात एवढ्या सरळ रेघा असतात हे मला ह्याआधी माहीतच नव्हतं. आणि बिघाड कॉम्प्युटरचाच आहे, हे उत्तमला मी जास्तच जोरात सांगू लागले.

शेवटी बिचाऱ्यानं दुकानातून दुसरा मॉनिटर आणला, अगदी कोरा. जोडला. रेघ काढली. त्याच जागी, तेवढंच पोट. मी म्हटलं, "हाही तसलाच आहे, उत्तम. तुमचा सगळा मालच खराब." तेव्हा त्यानं हातातला पेचकस परत पिशवीत टाकला. हे आतल्या खोलीत गेले आणि गिरणीतली त्यांची पोलादी फूटपट्टी घेऊन आले. तुला आठवते ती, संपाच्या दिवसांत तिनंच ते आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांचे पंचे आणि चादरी मोजत बसायचे. काम नाही, दाराशी बसायचं आणि कोणी नवं कापड आणलं की त्यात दोष काढायचा, शेजारणी लपवून न्यायच्या कापडं! तू तेव्हा पदराखाली तांदळाची पिशवी झाकून आणायचीस, ह्यांना दिसू नये म्हणून. त्यांना ती दर वेळी दिसायची, नलू. ते मुद्दाम गॅलरीत जाऊन उभे राहायचे. गिरणी पुढे नावापुरती उघडली, ह्यांना कोणी बोलावलं नाही. हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानात लागले तेव्हा ही पट्टी सोबत गेली आणि रोज सोबतच घरी येते.

तर ती पट्टी त्यांनी स्क्रीनवर त्या रेघेला टेकवून धरली. म्हणाले, "आता बघ."

मी पाहिलं. पट्टीही वाकली होती.

पोलादाची पट्टी, नलू. त्याच जागी, तसंच पोट. मी त्यांच्या हाताकडे बघितलं तर अंगठ्याच्या जागी राखाडी धुकं होतं. मला ओरडावंसं वाटलं. आणि मी काय बोलले माहीत आहे? "हो, आता सरळ दिसतेय. मगाशी माझंच काहीतरी झालं." उत्तमच्या जिवात जीव आला. चहा पिऊन, जुना मॉनिटर काखोटीला मारून, "काकू, काय पण टेन्शन दिलंत," म्हणत तो गेला. ह्यांनी पट्टी टेबलावर ठेवली. मी ओट्याकडे वळले आणि नळ सोडून उगीचच धुतलेली भांडी पुन्हा धुवायला लागले.

मला कशाची भीती वाटत होती ते दुसऱ्या कुणाला सांगावं लागलं असतं, तुला नाही. गिरगावातली आपली खोली आठव. आई उंबऱ्याबाहेर रांगोळी काढायची आणि मग आपल्यावर डाफरायची, "कोणी पाय दिला गं? रेघ वाकडी झाली." आपण शपथा घ्यायचो आणि पाठ वळली की खिदळायचो. मग तिला सुईत दोरा ओवता येईना. मग ती बोलताना आपल्या कानाकडे बघायला लागली. लोक म्हणायचे, कालिंदीची आई शिष्ट झाली, तोंडाकडे बघून बोलत नाही. तुझ्या लग्नात पाठवणीच्या वेळी ती तुझ्याकडे न बघता मांडवाच्या खांबाकडे बघत उभी होती म्हणून तू दादरपर्यंत रडत गेलीस. नलू, मला आता कळलंय ते. नजरेचा मधला भाग गेला की माणसाकडे सरळ बघितलं तर माणूसच नाहीसा होतो, कडेनं बघावं लागतं. खांबाकडे बघितल्याशिवाय तिला तू दिसतच नव्हतीस. ती तुलाच बघत होती.

मी दिवसभर अवसान आणून वावरले. दुसऱ्या दिवशी सकाळी हे शर्ट घालून तयार झाले, पण डब्याची पिशवी उचलली नाही. "आज दुकानात जात नाही. माटुंग्याला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांना फोन केलाय. पातळ बदल." मी म्हटलं, "कशाला? सांगितलं ना, सरळ दिसतंय." तेव्हा ते माझ्यासमोर बसले. ह्या माणसानं आयुष्यात माझ्याशी कधी लांबलचक बोलणं केलेलं नाही. म्हणाले, "स्क्रीन मी एकदाच तपासला, कालिंदी. त्यानंतर तुला तपासत होतो. तांदूळ निवडतेस पण खडे राहतात. चहा कपाच्या कडेवर पडतो. परवा कुंकू भिवईवर लागलं होतं, मी पुसलं तर म्हणालीस घाम आहे. लाल दोरा कुठे लावायचा ते मला कळत नव्हतं." मी पातळ बदललं.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत, पण समजावून सांगतात. डोळ्याच्या मागच्या पडद्याला अगदी मधोमध खराबी आहे, उजव्या डोळ्यात बरीच, डाव्यात अजून नाही. लेझर करू म्हणाल्या. गेलेलं परत येईल असं कबूल करत नाही, पुढचं वाचवायचा प्रयत्न करू, आणि आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. मी विचारलं, मला इतके दिवस कळलं कसं नाही? तर म्हणाल्या, दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं सांभाळून घेतो, बिघाड फार वाढेपर्यंत माणसाला पत्ता लागत नाही. त्यांनी बारीक चौकटींचं एक कार्ड दिलं. रोज एक-एक डोळा झाकून त्याच्याकडे बघायचं आणि डाव्या डोळ्याला रेघ वाकलेली दिसली तर त्याच दिवशी यायचं.

लेझर झालं. दुखलं नाही फारसं. पण ते रोजचं बघणं, नलू! सकाळी उठून चूळ भरली की मी खिडकीशी उभी राहते आणि उजवा डोळा झाकते. आज वाकली असेल तर? आज आईसारखं झालं तर? मी परीक्षेला कधी घाबरले नाही, गिरणीच्या फाटकावर दगड चालले होते तेव्हा ह्यांना शोधायला एकटी गेले होते, पण ह्या वीतभर चौकटींपुढे जायला मी चालढकल करते. मला अंधाराची एवढी भीती नाही. मला ह्यांचा चेहरा दिसेनासा होण्याची भीती आहे. चहा घेताना मी त्यांच्याकडे इतकी टक लावून बघते की ते कावरेबावरे होतात. परवा म्हणाले, "काय फॉल्ट सापडला का?" मी हसले आणि मग रडले. ते कप घेऊन उठले आणि कधी नव्हे तो स्वतः विसळला. काम मी सोडलेलं नाही. डाव्या डोळ्यावर भागतं, अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, आणि शरच्चंद्रांकडे पत्रिका पाठवायच्या आधी हे पट्टी लावून तपासतात.

ते कार्ड चार दिवसांत माझ्याच ओल्या हातानं खराब झालं. तेव्हा ह्यांनी ट्रंक उघडली. शेवटच्या दिवशी गिरणीतून आणलेला बारीक चौकड्यांच्या कापडाचा तुकडा त्यांनी आजवर जपून ठेवला होता. मला वाटलं होतं त्याचा कधीतरी शर्ट शिवतील. त्यांनी कात्री घेतली आणि हातरुमालाएवढा तुकडा कापला, मधोमध लाल दोऱ्याची बारीक गाठ घातली, नजर ठेवायला. तोच आता माझ्या खिडकीच्या गजाला बांधलेला असतो. मग त्यांनी तसाच दुसरा तुकडा कापला. मी विचारलं, हा कुणाला? ते उजेडात उभे राहून तो तुकडा उभा-आडवा तपासत राहिले. असं तपासताना मी त्यांना संपाच्या आधीसुद्धा पाहिलं नव्हतं. तो तुकडा ह्या पाकिटात आहे. आतापर्यंत तुझ्या मांडीवर पडला असेल.

आता फरश्यांबद्दल. सोमवारी तुझं पत्र वाचताना हे तिथेच थांबले. चष्मा काढला. म्हणाले, "गवंडी म्हणतो सरळ आहेत. गंगाधरराव म्हणतात सरळ आहेत. दोरी ताणून दाखवली तरी नलूला पटत नाही, असं तिनंच लिहिलंय." आणि पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. डॉक्टरीणबाईंनी मला उठता उठता विचारलं होतं, आईला होतं, तुम्हाला आहे, आणखी कोणी भावंडं? मी म्हटलं होतं, एक धाकटी बहीण आहे, पण तिची नजर घारीची आहे. नलू, माझ्या राणी, आत्ता उठ. खिडकीशी जा. तो तुकडा हातभर लांब धर, चष्मा असू दे. एक डोळा तळव्यानं झाक आणि लाल गाठीकडे बघ, मग दुसरा झाक. लबाडी करू नकोस, मी केली तशी. त्या कापडात एकही दोष नाही, ह्यांनी ते पास केलंय, आणि त्यांची नजर कधी चुकलेली नाही. सगळ्या रेघा सरळ दिसल्या तर फोन कर, मला भित्री म्हण, पोटभर हस आणि त्या गवंड्याशी खुशाल भांडत बस. पण एखादी जरी वाकली, तर काही आवरत बसू नकोस, गंगाधररावांना घेऊन मिळेल त्या गाडीनं परळला ये. पत्र गुरुवारपर्यंत पोचेल असं पोस्टात म्हणाले. गुरुवारपासून मी फोनपाशी बसून असेन.

तुझीच,
ताई